डाव्या दांड्यातला बाक

१२ नोव्हेंबर

आलो एकदाचे! सामान वर चढवलं, गॅस जोडला आणि आमच्या हिने खिडकी उघडून जाहीर केलं की इथे ऊन छान येतं. म्हणजे संसार सुरू झाला. गॅरेजच्या वरच आमच्या दोन खोल्या. जिना बाहेरून आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांची थोबाडं जाता-येता बघावी लागणार, पण बाकी उत्तम.

गॅरेज जुन्या जीपगाड्यांचं. डोंगरात, चिखलात, नदीत घालायच्या, चारी चाकांनी ओढणाऱ्या गाड्या. कारखान्यांनी त्या बनवणं सोडून जमाना झाला. कुणी आजोबांची आणतो, कुणी भंगारातून उचललेली आणतो, आणि आपण ती नव्यासारखी करून द्यायची. हौशी लोकांचा धंदा आहे. ज्यांना स्टेपनी कुठे असते ते माहीत नसतं, त्यांना अशा गाड्या फार आवडतात.

मी या कामातला जाणकार आहे, हे मी म्हणत नाही, आधीच्या चार मालकांनी म्हटलंय. त्याच चौघांनी मला काढलं ती गोष्ट वेगळी. खरं बोललेलं लोकांना सोसत नाही.

इथला मालक भेटला. पन्नाशीचा, पोट पुढे, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला खाली. चालतो तेव्हा हातात भरलेली बादली आहे असं वाटतं. कामाला एक रंगारी आहे, त्याला सगळे काका म्हणतात. काकांची मान कायम एका बाजूला कललेली. बोलताना मला वाटलं, वा, माणूस माझ्या म्हणण्यावर विचार करतोय. नंतर कळलं की विचारबिचार काही नाही, मानच तशी आहे. दोघं शेजारी उभे राहिले की घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे दिसतात. हिला सांगितलं तर पोट धरून हसली, आणि मग म्हणाली की अहो, असं कुणाला बोलू नये. मी म्हटलं, बरं, बोलत नाही, वहीत लिहितो.

१५ नोव्हेंबर

पहिली गाडी हातात आली. दातांच्या डॉक्टरची आहे. त्याचे वडील ही जीप घेऊन कोरड्या नदीपात्रात उतरले, गाडी उलटली आणि ते तिच्याखालीच गेले. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली पडून होती. आता डॉक्टरसाहेबांना वडिलांची आठवण आलीय, आणि ती आठवण हिरव्या रंगात आणि तपकिरी सीटांसकट हवी आहे. सांगताना डोळ्यांत पाणी होतं आणि हातात रंगांचं कार्ड.

बॉडी उचलली, इंजिन काढलं, गिअरबॉक्स काढला. खाली उरली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना धरणाऱ्या आडव्या पट्ट्या. दोरी ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेतलं. डावा दांडा ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बाहेर गेलाय, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि जाता जाता किंचित वर पिळलाय. उलटताना सगळा मार तिथे बसला असणार. साधं काम आहे. असे बाक मी झोपेत काढतो.

मालकाला म्हटलं, उद्या ओढून सरळ करतो. तो म्हणाला की करायचं नाही. मला वाटलं, घाई नको म्हणतोय. पण नाही! या गॅरेजात चासीचा बाक काढतच नाहीत म्हणे. गंज खरवडायचा, तडा असेल तर वेल्डिंग करायचं, रंग मारायचा, आणि बॉडी बसवताना जिथे कमी पडेल तिथे वॉशर सारून पॅकिंग द्यायचं. वरून गाडी सरळ दिसते. खालची वाकडी ती वाकडीच. त्याच्या वडिलांपासूनची रीत आहे. म्हणजे पाय वाकडा म्हणून पायजमाच तिरका शिवायचा.

का, असं विचारलं. तर म्हणे लोखंडाने मार सोसलाय, तो त्याच्यापाशी राहू द्यावा. बाहेर काढला तर तो दुसरी जागा बघतो.

मी हसलो नाही. स्वतःचं फार कौतुक वाटलं.

१९ नोव्हेंबर

चार दिवस तोच वाद. मी मालकाला समजावलं की अशा चासीवर गाडी एका बाजूला ओढणार, टायर घासणार, कधीतरी जिवावर बेतेल. तो मान डोलावतो आणि शेवटी म्हणतो की बाक राहू द्या. आणि हा माणूस स्वतः काय कामाचा? परवा याने गिअरबॉक्समध्ये इंजिनचं ऑइल ओतलं. मी पाहिलं म्हणून वाचलं. काकांना विचारलं तर काका ब्रश धूत म्हणाले की मालक सांगतो ते बरोबर आहे. काका मालकाच्या प्रत्येक गोष्टीला बरोबर म्हणतात, ऑइललासुद्धा म्हणाले होते.

वर आलो तर हिने खोलीला पडदे लावले होते. एक वर, एक खाली. मी स्टूल घेऊन सारखे केले. ती म्हणाली की तुमच्या हातून जगातलं काही सुटणार नाही. या घरात माझी किंमत कळणारं एक माणूस आहे हे बरं.

खरंच बरं आहे. मला माणसं फारशी आवडत नाहीत, पण ही आवडते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी संध्याकाळी जिना चढताना हिची बडबड ऐकू आली की डोकं निवतं.

२२ नोव्हेंबर

काढला बाक!

मालक लेकीकडे गेला होता. काकांनी मला साखळ्या ओढताना पाहिलं, रंगाची गन खाली ठेवली आणि घरी निघून गेले. जा म्हटलं. चासी जमिनीतल्या हुकांना आवळून बांधली, बाकापाशी जॅक लावला, दांडा ज्योतीने लाल केला आणि हळूहळू दाबत नेला. यात घाई चालत नाही. थोडं पलीकडे न्यायचं, सोडायचं, मापायचं, पुन्हा दाबायचं. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्हीकडची मापं केसभरही इकडे-तिकडे नाहीत. ज्या कामाला यांचे बाप-आजे घाबरले, ते मी एका सकाळीत केलं. डबा खाताना सारखा त्या दांड्याकडे बघत होतो. इतका सरळ की हात फिरवत राहावासा वाटत होता.

२४ नोव्हेंबर

मालक आला. मला वाटलं होतं की ओरडेल, मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्याने चासी पाहिली आणि फक्त विचारलं की कुठे गेला. कोण कुठे गेला? तर म्हणे, बाक. मग गॅरेजभर फिरून भिंती, कपाटं, शिडी चाचपत बसला. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

वरच्या खोलीचं दार सकाळपासून चौकटीला घासतंय. हवेने फुगलं असणार.

२५ नोव्हेंबर

दार फुगलेलं नाही. बिजागरीच्या बाजूची उभी फळी मध्यावर बाहेर आलीय. सहज म्हणून माप घेतलं. अंगठ्याचं एक पेर, आणि वर किंचित पीळ.

योगायोग असतात जगात. मालक मात्र जिना चढून आला, दाराला हात लावला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला की नशीब समजा, दारात बसलाय, राहू द्या त्याला तिथे, कडी वर-खाली करून घ्या. वर हेही म्हणाला की तो कुणाचं वाईट करत नाही, फक्त त्याला एक जागा लागते आणि तिथून हुसकलेलं त्याला चालत नाही.

वाकड्या दाराच्या घरात मी राहू? दुपारीच सुताराकडून फळी बदलून घेतली, उरलेलं मी रंधा मारून सारखं केलं. आता दार बोटाने ढकललं तरी बंद होतं.

२८ नोव्हेंबर

पलंगाची डावी पट्टी. पेराएवढी. वर पीळ.

ही म्हणाली की अहो राहू दे, आपण काय पलंगाचं चित्र काढणार आहोत? मी ऐकलं नाही. पट्टी लोखंडी होती, खाली नेऊन अर्ध्या तासात सरळ केली. काका बाजूला उभे राहून बघत होते. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तरुणपणी त्यांनी मालकाच्या वडिलांच्या नकळत एका जीपची चासी ठोकून सरळ केली होती. बाक शेवटी त्यांच्या मानेत आला. त्यांनी तो राहू दिला. शर्टाची कॉलर एका बाजूला वाढवून घेतली, उशी बदलली, आणि त्याला आता इतकी वर्षं झाली. मालकाच्या खांद्याचीही तीच कथा. हुसकत बसलो असतो तर आत आत शिरला असता, असं म्हणाले.

मी म्हटलं, काका, याला मानेचा आजार म्हणतात, त्यावर मलम मिळतं. काका परत ब्रश धुवायला गेले.

३० नोव्हेंबर

हिच्या डाव्या हाताची करंगळी.

सकाळी भाजी चिरताना तिनेच दाखवली. दुखत नाही, सुजलेली नाही, फक्त मधल्या पेरातून बाहेर गेलीय आणि नख जरासं वर वळलंय. तिला गंमत वाटत होती. म्हणाली की बघा, चहाचा कप धरायला मोठ्या घरच्या बायकांसारखी झाली. मी हसलो. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता.

तो बाक मी ओळखतो. माझ्या हाताखालून गेलाय.

३ डिसेंबर

हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. फोटोत काही दिसत नाही म्हणाला, मग कशाला शिकला कोण जाणे. मी आवाज चढवला तेव्हा करंगळीला पट्टी बांधून दिली. ही सारखी म्हणत होती की करंगळीने माझं काय अडतंय, चला घरी. मालकानेही जिन्यात गाठून हात जोडले. करंगळीत आहे तोवर सोनं समजा म्हणाला. हात जोडतो तेव्हा तो आणखीच वाकडा दिसतो.

यांना काय जातंय सांगायला? यांनी वाकडेपणाशी तडजोड केलीय, म्हणून सगळ्यांनी करावी अशी यांची इच्छा. माझ्या बायकोला मी यांच्यासारखी होऊ देणार नाही.

६ डिसेंबर

पट्टी सोडली. करंगळी सरळ! तिला दहा वेळा मूठ करायला लावली. मालकाला खिडकीतून ओरडून सांगितलं. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

७ डिसेंबर

ती उठून मोरीकडे गेली तेव्हा पाठमोरी दिसली. कंबर डावीकडे. एक पेर.

९ डिसेंबर

ही शांत आहे. मला तेच सोसत नाही. काकांना विचारून आली की पॅकिंग कसं द्यायचं, आणि कागदाची घडी करून डाव्या चपलेत घातली. आता चालताना जवळजवळ कळत नाही म्हणते. मला चालून दाखवलं, हसून दाखवलं. म्हणाली की अहो, मी हीच आहे, स्वयंपाक येतो, भांडता येतं, मग झालं की. आता मला हात लावू नका, एवढंच मागते.

खरंय, तिचं काही अडत नाही. ती जिना उतरते तेव्हा माझंच लक्ष त्या कमरेवर जातं. दुसरं काही दिसतच नाही.

मी केलंय हे. मीच निस्तरणार. मी काही काका नाही कॉलर वाढवून गप बसायला.

१० डिसेंबर

चासी परत वाकडी केली.

मालकासमोर केली, त्याने अडवलं नाही. जॅक उलट्या बाजूने लावला, तीच जागा, तेवढंच पेर, तोच पीळ. मापाला अगदी तंतोतंत. धावत वर गेलो. ती कणीक मळत उभी होती. कंबर तशीच. मालक मागून आला आणि म्हणाला की हा तुम्ही दिलेला बाक आहे, तो नव्हे. मग मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं. जाताना एवढंच म्हणाला की बाईंना आता तरी असू द्या.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. भीती वाटते.

१२ डिसेंबर

कमरेला वजन लावून ओढण्याचं यंत्र असतं ना, ते भाड्याने आणलं. ती नको म्हणाली. दोन दिवस नको म्हणाली, मग दमून हो म्हणाली. मी तासभर शेजारी बसून कपाळावरून हात फिरवत होतो. हळूहळू, अजिबात घाई नाही—

संध्याकाळी कंबर सरळ झाली. तिने विचारलं की झालं का समाधान. तिच्या आवाजाला काहीतरी झालंय.

१३ डिसेंबर

मानेत.

घास गिळताना थांबते. श्वास घेताना शिट्टीसारखं वाजतं. दवाखान्यात नेलं, फोटो काढले, फोटो साफ! गळ्याला पट्टा दिला आणि आराम करा म्हणाले. शिकलेली गाढवं सगळी.

काका वर आले होते, पहिल्यांदाच. तिच्या उशीची घडी कशी घालायची ते दाखवून गेले. घडी घातल्यावर शिट्टी थांबली. ती काकांकडे बघून हसली. काकांकडे.

१४ डिसेंबर

उशी घेऊन बरी आहे. पेज गेली. तिने कागदावर लिहून दिलं की अशीच राहीन, मला चालेल, तुम्हाला का नाही चालत?

काय सांगू? डोकं एका खांद्यावर ठेवून बघते माझ्याकडे. काकांसारखी. माझी ही आणि काकांसारखी—

तिच्या भावाला तिने कुणाकडून तरी कळवलंय. आमचे मेव्हणे उद्या येणार, तिला माहेरी घेऊन जाणार. फोनवर मला म्हणाले की तुम्ही आता काही करू नका. जन्मात एक खिळा ठोकला नाही या माणसाने, आणि मला सांगतोय काही करू नका.

घेऊन गेले तर ती परत येणार नाही. मला कळतं तेवढं.

१५ डिसेंबर, सकाळ

ठरवलं. मानेतून काढायचा आणि तो माझ्यात घ्यायचा. इतके दिवस हे सुचलं कसं नाही! मी अगदी जवळ बसणार, हात तिच्या मानेला लागलेले, मग दुसरीकडे जाईलच कशाला? माझी कंबर घे, मान घे, काय हवं ते घे. मी कॉलर वाढवून घेईन. हसू देत सगळ्यांना.

तिला समजावलं. मान हलवतेय, नको नको. समजत नाहीये तिला. तिच्यासाठीच करतोय. फक्त एवढं एकदा.

मेव्हणे यायच्या आत—

दुपार

झालं. सरळ.

हळूच करायचं होतं. पण तिने माझे हात धरले, ओढायला लागली, म्हणून जरा जोर—

मान अगदी मधोमध आली आहे. शिट्टी वाजत नाही. काहीच वाजत नाही. दमलीय, झोपू दे. चहा करून ठेवला, गार झाला. पुन्हा केला.

माझ्यात आला नाही. बोटं पाहिली. आरशात खांदे पाहिले, मान पाहिली. सगळं जागच्या जागी. गेला कुठे मग?

तिच्याकडे पाहिलं तर मान परत डावीकडे. एक पेर, वर पीळ. आत्ता तर बसवली होती! पुन्हा बसवली. या वेळी तिने हात धरले नाहीत. परत वाकडी. पुन्हा—

पलंगही वाकडा. दार. खिडकीचे गज. या वहीवर ओळी छापलेल्या आहेत, छापलेल्या ओळी कशा वाकतील?

डोळ्यांत शिरला की काय? माझ्या? छे. माझे डोळे नाही. बाकीचं सगळं वाकलंय.

जिन्यावर पावलं. मेव्हणे. हिला हाका मारतायत. दार उघडंच होतं.

आत आले. पलंगाकडे बघतायत. तोंड उघडं पडलंय.

आणि मान बघा यांची! डावीकडे. पेरभर. धड उभंसुद्धा राहता येत नाही या माणसाला. मी म्हटलं बसा, घाबरू नका, हे माझं रोजचं काम आहे, एका मिनिटात सरळ